बंदुकीच्या टोप्यांचा वर्षाचा हिशोब कसा लावता? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय, लष्कर भागातून. काकांची ठासणीची बंदूक रीतसर लायसन्ससकट आता माझ्या नावावर झालीय आणि दिवाळीनंतर दर रविवारी रेंजवर जायचा विचार आहे, तर टोप्या (घोडा आपटला की ठिणगी पाडून आतली दारू पेटवतात त्या छोट्या धातूच्या कॅप) एकदम किती घेऊन ठेवाव्यात हेच कळत नाहीये.

माझा हिशोब असा, एका रविवारी 25 बार धरले तर टोप्या 25 नाही लागत ना, कारण भरायच्या आधी रिकाम्या निपलवर (टोपी जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळी) एकदोन टोप्या उडवाव्याच लागतात, आत तेल राहिलेलं असतं, आणि मधेच एखादी नुसती टिक करून गप्प बसते, मग नळी समोर धरून मिनिटभर थांबा आणि दुसरी लावा. म्हणजे 30 धरू का? शंभराच्या डब्या येतात, तीन रविवारांत एक डबी संपली म्हणायची. लायसन्सवर एका वेळची आणि वर्षाची मर्यादा लिहिलेली असते, त्यात बसवायचंय सगळं.

जास्तीच्या किती धरता तुम्ही, दहा टक्के की वीस? आणि 11 नंबरची टोपी माझ्या निपलवर जरा सैल बसते, चिमटून बसवावी लागते, तिच्याहून लहान 10 नंबरची घेऊ की निपलच बदलू? काकांचा एकच उपाय, "दाबून बसव रे"! मला ते काही पटत नाही.

पावसाळ्यात डब्या कशा ठेवता तेही सांगा, बंदुकीच्या दारूपासून लांब ठेवायच्या एवढं माहितीये.