घरी पेपर द्यावा की हॉलमध्ये बसवावं?

प्रश्न (संख्याशास्त्राची शिक्षिका): पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते, वर्गात 62 मुलं. तीन वर्षं सत्राचा पेपर घरीच देते आहे. 48 तास, पुस्तकं खुली, कच्ची आकडेवारी हातात ठेवून निष्कर्ष काढायचा. यंदा 11 जणांनी क्रुस्कल-वॉलिस चाचणी (तीन किंवा अधिक गटांची तुलना करणारी) वापरली. ती मी शिकवलेलीच नाही! बोलावून विचारलं, तर हीच चाचणी का घेतली ते चौघांनाच सांगता आलं. सहकारी म्हणतात, सरळ हॉलमध्ये बसव. पण तीन तासांत विस्कटलेली आकडेवारी साफ करायला मुलं कधी शिकणार? काही जण तर घड्याळाकडे बघूनच गारठतात.

उत्तर 1: मी बरीच वर्षं परीक्षा विभागात काढली. हॉलमध्येच घ्या. रात्र जागून स्वतः पेपर सोडवणाऱ्या मुलीला उसन्या उत्तरापेक्षा कमी गुण पडतात, तेव्हा ती तक्रार करत नाही, पुढच्या वेळी मेहनत सोडते. मी हे पाहिलं आहे.

उत्तर 2: इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. पर्यवेक्षक नसणं म्हणजे पेपर घरी नेणं नव्हे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1893 साली पर्यवेक्षकाविना परीक्षा सुरू झाली, पण मुलं वर्गातच बसत, वेळही ठरलेली. पेपरवर प्रत्येकाने प्रामाणिकपणाची हमी लिहून द्यायची. उलट, पर्यवेक्षक असतानाही पुस्तकं खुली ठेवता येतात. घड्याळाची भीती असेल तर दीड तासाचा पेपर काढून अडीच तास द्या. त्याला पर्यवेक्षकाची काहीच आडकाठी नाही.

उत्तर 3: मीही संख्याशास्त्रच शिकवतो. घरचं काम बंद करू नका, आकडेवारी साफ करणं तिथेच शिकता येतं. आधी प्रत्येकाची तोंडी घ्यायचा विचार केला होता. पण 62 जणांना दहा-दहा मिनिटं म्हणजे दहा तासांहून जास्त, आणि शेवटच्या मुलापर्यंत प्रश्न फुटलेले. म्हणून आता 40 मिनिटांचा लेखी पेपर माझ्या देखरेखीखाली घेतो. समोर स्वतःचाच अहवाल, प्रश्न त्यावरचेच: 'तीनऐवजी दोनच गट असते तर कोणती चाचणी घेतली असतीस? का?' ज्याने काम केलंय तो लगेच मान-व्हिटनी लिहितो आणि कारणही देतो. निम्मे गुण या पेपरला. मात्र हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सांगा, नंतर नियम बदलला की मुलांना फसवल्यासारखं वाटतं.

शिक्षिका: अहवाल समोर ठेवूनच प्रश्न, हे पटलं. यंदाचे नियम आधी सांगितलेले होते, त्यामुळे त्या अकरा जणांचे गुण कापत नाही. उरलेल्या सात जणांना मात्र बसवून ती चाचणी शिकवणार आहे.