तार, फोन आणि चार वर्षे: पलटणीतल्या घरांचे अनुभव

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. अशा गावांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेल्या घरांत नेमके काय बदलले, हे प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून लिहावे. सुरुवात मी करतो.

आजोबा १९७१ च्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांच्या पत्रावर ठिकाण नसे, फक्त ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक. आजीला वाचता येत नसल्याने पत्र पोस्टमनच मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे नवराबायकोच्या बोलण्याची सोयच नव्हती. आजोबा शेवटी ‘बैलांची काळजी घ्यावी’ एवढेच लिहीत आणि आजी त्यातून जे समजायचे ते समजून घेई. वडील रविवारी एसटीडीच्या रांगेत उभे राहत. मी रोज फोन करतो, पण चौकीवर दोन दिवस सिग्नल गेला की घरी जो कल्लोळ होतो, तो आजीने महिना-महिना पत्राविना काढताना कधी केला नव्हता.

— निवृत्त हवालदार, कोल्हापूर जिल्हा:
सुट्टी अडली की आम्ही घरून ‘मदर सिरियस’ अशी तार मागवत असू. माझी आई एका वर्षात तीनदा अत्यवस्थ झाली, तेव्हा साहेबांनी तिच्या चिवटपणाचे कौतुक केले होते. २०१३ साली तारच बंद झाली. हल्लीच्या पोरांना व्हिडिओवर धडधाकट आई दाखवावी लागते.

— एका छात्रेची आई, पुणे:
मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रशिक्षण पूर्ण करून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, त्यानंतर आमच्या घरात ‘मुलीचे काय काम’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

— माजी नाईक, सातारा जिल्हा:
मी १७ वर्षे काढून पेन्शनवर आलो. मुलगा अग्निवीर आहे, म्हणजे मुदत चार वर्षांची आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त चौघांतला एक. बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात, त्याच्या कसम परेडला (शपथविधीला) ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ऐकताना माझ्या अंगावर तोच काटा आला. मात्र माझ्या पहिल्या सुट्टीत काळ्या पेटीत कॅन्टीनचे साबण आणि रमची बाटली होती. त्याच्या बॅगेत पोलीस भरतीचे पुस्तक निघाले, आणि त्यातली निम्मी गणिते त्याने सोडवलेली होती.