पांढरकवडा ते न्यूआर्क, नेमके किती तास?

मंडळी, नमस्कार.
सध्या गावी आहे, पांढरकवड्याजवळ. आईबाबांना या हिवाळ्यात अमेरिकेत एडिसनला (न्यूजर्सी, न्यूआर्क विमानतळाजवळ) आणायचं चाललंय. मुंबई–न्यूआर्क थेट विमानाची वेळ बाबांनी मोबाईलवर बघितली: रात्री १ ला सुटतं, त्याच तारखेला सकाळी ६:३० ला पोचतं. तेव्हापासून एकच, "मंग साडेपाचच घंटे लागते ना? इतक्यात तं आपन नागपूरले जाऊन येतो." माझं ऐकत नाहीत, कुणीतरी जाणत्यानं हिशेब मांडून द्या. आणि मुंबईहून थेट बरं, की नागपूर–दोहा?

---

दादा, मी वणीकडचीच.
बाबांना म्हणावं, हिवाळ्यात जर्सीचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथं सकाळचे ६:३० म्हणजे गावात संध्याकाळचे ५, ढोरं घरी यायची वेळ. झाले १६ तास. सरळ रेषेत अंतर साडेबारा हजार किलोमीटर. परत येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, दीड-दोन तास वाचतात.

पण खरा त्रास विमानाआधीचा. आमच्या सासूबाई विमानात छान झोपल्या. दमल्या त्या मुंबईत. नागपूरचं विमान एका टर्मिनलला, अमेरिकेचं दुसऱ्या, मधे बॅगा उचला, पुन्हा रांग. दोहामार्गे गेलात तर भारतातून निघतानाचं इमिग्रेशन सोनेगावलाच, म्हणजे नागपूर विमानतळावरच, उरकतं आणि बॅगा थेट न्यूयॉर्कला मिळतात. नागपूर–दोहा चार-साडेचार तास, पुढे चौदाएक. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी. इंग्रजीची धास्ती असलेल्यांना सोबत माणूस मिळतो, हा त्यातला मोठा फायदा.

---

ताईंशी सहमत, थोडी भर घालतो. मुंबई–नागपूरचे हवाई सातशे किलोमीटर धरले तर दोन्ही वाटा साडेतेरा हजारांच्या आगेमागेच येतात. तेव्हा अंतराकडे बघूच नका, किती वेळा उतरावं लागतं ते बघा. थेट विमान भारतीय कंपनीचं असेल तर एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द बंद आहे, वळसा पडतो. तिकिटावरचीच वेळ खरी धरा. दोहाचं विमान मात्र न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला उतरतं. तिथून एडिसन म्हणजे आणखी दीड तास, ट्रॅफिक लागलं तर विचारू नका. मधूनमधून दोघांना उठवून चालवा, पाय सुजतात.

---

आभार. बाबांना ५ वाजताचा हिशेब पटला, ढोरांमुळे. नागपूर–दोहाच करतोय. पण कापूस वेचून झाला तरी तूर निघाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणतात, म्हणजे फेब्रुवारी. दोहाला मधे तीन-चार तास मिळतील असंच तिकीट बघतो. आईला धावपळ जमणार नाही. त्या आठवड्यात जेएफकेला गाडी घेऊन कुणी येऊ शकेल का?