सेव्हियात फ्लामेंकोचं तिकीट काढावं का?

पायपीट:
एप्रिलात स्पेनमधल्या सेव्हियाला जाऊन आलो. सगळ्यांनी सांगितलं म्हणून एका 'ताब्लाओ'त, म्हणजे फ्लामेंकोच्या (तिथल्या गाणं-गिटार-नाचाच्या) छोट्या नाट्यगृहात, तिकीट काढून बसलो. बरोबर तासाभराने दिवे लागले, दारात पुढच्या खेळाची रांग उभीच. सरळ सांगतो, दुकान आहे ते. २०१०मध्ये युनेस्कोने फ्लामेंको वारसा म्हणून नोंदवला, मान्य. पण शिक्क्याने वाईट प्रयोग चांगला होत नाही. त्यापेक्षा १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लाझा दे एस्पान्या चौकात जा, कालव्यात होडी वल्हवा. कमानींखाली लाकडी फळी टाकून पोरी नाचतात, ते बघा. टोपीत मनाला येईल ते टाका.

मात्राकाका:
पायपीट, फळीवरचा नाचही पर्यटकांसाठीच असतो हो! तिथला माणूस तिथे कशाला जाईल फ्लामेंको बघायला? आणि तिकीट लागलं की अस्सलपणा गेला, हे कुठून काढलंत? एकोणिसाव्या शतकात 'काफे कांतान्ते'मध्ये, म्हणजे गाण्याच्या काफेत, लोक पैसे मोजूनच ऐकायला जात. सिल्व्हेरियो फ्रान्कोनेत्तीसारखा मोठा गायक सेव्हियातच असा काफे चालवायचा.

तुम्ही नाच बघत बसलात, तिथेच चुकलं. आधी गाणं ऐकायचं. सोलेआ या फ्लामेंकोतल्या प्रकाराचं आवर्तन १२ मात्रांचं, पण वजन ३, ६, ८, १०, १२ वर. एकतालाची सवय असलेला माझा कान पहिली दहा मिनिटं सम शोधत चाचपडत होता. मग टाळ्या देणाऱ्या बाईकडे बघत राहिलो. पुढे नाचणारी पायाने इशारा देते आणि गिटारवाला तिच्यामागे वळतो, ते एकदा दिसलं की खुर्चीतून हलवत नाही.

लिंबूटिंबू:
दोघांनाही नम्र विरोध. सात वर्षांचं पोर बरोबर असेल तर रात्री नऊला सम कोण शोधणार? आमच्याकडे हिट ठरला हिराल्दा मनोरा, पूर्वीचा मशिदीचा मिनार. शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर वर जायला जिने नाहीत, ३५ उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून, असं सांगतात. पोरगा घोडा होऊन वर, आम्ही धापा टाकत मागे. जुलैत मात्र दुपारी बाहेर पडू नका, पारा अनेकदा चाळिशीपार जातो.

पायपीट:
मात्राकाका, सम शोधायला ऐकू तर यायला हवं! आमच्या इथे माइक होता, वर सांग्रियाच्या ग्लासांची किणकिण. तुमची खोली कुठली?

मात्राकाका:
नदीपलीकडे त्रियानात. माइक नव्हता, जेवण नव्हतं. दारातूनच खुर्च्या मोजतो मी. साठाच्या वर गेल्या की पुढे चालू लागायचं.

पायपीट:
साठ? तेवढे तर आमच्या इथे एका बसमधून उतरले.