राउटर टेबल: खाच रुंद करताना पट्टी हातातून ओढली जाते, काय चुकतंय?

कपाटवाला

नमस्कार मंडळी. राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने (कापणाऱ्या पात्याने) लाकडात खाच काढणारं मशीन, टेबलाखाली उलटं टांगलंय, बिट तेवढं वर येतं. किचनच्या शटरसाठी सागवानी चौकटी करायच्या आहेत, साधारण वीस नग. पट्टी ५० × २० मिमी, मधे प्लाय बसवायला ९ मिमी खोल खाच. बाजारात ६ मिमी म्हणून मिळणारा प्लाय व्हर्नियरने मोजला तर ५.५ भरतो, म्हणून ५ मिमीचं सरळ बिट घेतलंय. पट्टी कडेवर उभी धरून एकदा चालवायची, मग उलट टोकाने फिरवून दुसरी बाजू फेन्सला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) लावून परत चालवायची, म्हणजे खाच आपोआप मधोमध येईल, असा हिशेब. फेन्सपासून खाचेची जवळची भिंत ७.२५ मिमीवर ठेवली आहे.

पहिला पास (फेरी) व्यवस्थित जातो. दुसऱ्या पासला मात्र पट्टी एकदम पुढे डावीकडे खेचली जाते आणि भिंतीवर लाटा उमटतात. दोन्ही वेळा उजवीकडून डावीकडेच ढकलतो.

मशीन १६५० वॉटचं, १२ मिमी कोलेटचं (बिटाचा दांडा पकडतो तो चिमटा), एकाच वेगाचं म्हणजे २२,००० आरपीएम. टेबलाचा वरचा भाग १८ मिमी प्लायचा, त्यावर सनमाईका, मधे ६ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट. राउटरचा ट्रिगर लॉक करून भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद करतो. पुढे ८० मिमी व्यासाचं पॅनेल बिट घेऊन काही शटरना उठावाची पॅनेल (कडा उतरत्या, मधला भाग उंच) करायचा विचार आहे. टेबलात काय सुधारावं तेही सांगा.

---

गुण्या

आधी खेचण्याचं बघू, कारण त्यात बोटं जाऊ शकतात.

टेबलासमोर उभं राहून वरून पाहिलं की बिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणजे बिटाची तुमच्याकडची बाजू उजवीकडे पळते आणि फेन्सकडची बाजू डावीकडे. तुम्ही लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलता. बिट तुमच्याकडच्या बाजूने कापत असेल तर त्याचे दात लाकडाला सामोरे येतात, हाताला विरोध जाणवतो, ताबा राहतो. फेन्सकडच्या बाजूने कापत असेल तर दात तुमच्याच दिशेने पळत असतात. मग बिट कापायच्या ऐवजी लाकडावर चढतं आणि चाकासारखं पट्टीला पुढे फेकतं.

पहिल्या पासला अख्खी खाच नवीन निघते. तिथे बिटाची पुढची कड कापते आणि पट्टीला फेन्सकडे दाबते, म्हणून काही त्रास होत नाही. आता तुमचे आकडे मांडून पाहा. पहिली खाच ७.२५ ते १२.२५. पट्टी फिरवली की फेन्सला लागलेल्या नव्या बाजूपासून तीच खाच ७.७५ ते १२.७५ वर येते. बिट मात्र अजून ७.२५ ते १२.२५ वरच उभं आहे. ते काय काढणार? ७.२५ ते ७.७५, म्हणजे नेमकी फेन्सकडची भिंत. लाटा आणि ओढ, दोन्ही तिथूनच.

उपाय अर्ध्या मिलिमीटरचा आहे. जवळची भिंत ७.२५ ऐवजी ७.७५ वर घ्या. पहिली खाच ७.७५ ते १२.७५ निघेल. फिरवल्यावर ती ७.२५ ते १२.२५ वर येईल आणि बिट १२.२५ ते १२.७५ हा तुमच्याकडचा पदर काढेल, दातांना सामोरा. शेवटी खाच तीच, ५.५ मिमी आणि बरोबर मधोमध. पट्टी फिरवून खाच काढायची असेल तर बिटाचा मध्य लाकडाच्या मध्यापेक्षा फेन्सपासून लांब हवा, जवळ नको. पट्टी न फिरवता फेन्स सरकवून खाच रुंद करायची असेल तर फेन्स बिटापासून मागे न्यायची, कधीही बिटाकडे नाही. दोन्हीचं कारण एकच.

ही अर्ध्या मिमीची सरक हाताने ठोकून जमत नाही. फेन्सचं एक टोक घट्ट आवळा आणि फक्त दुसरं सरकवा. बिट दोन टोकांच्या मधोमध असेल तर टोक १ मिमी हललं की बिटापाशी फेन्स अर्धा मिमी हलते. टोकाला पेन्सिलची रेघ मारून ठेवली की पुरे. राउटर टेबलाची फेन्स कशाला समांतर असायची गरज नसते, बिटापासूनचं अंतर तेवढं बघायचं. टेबल सॉवरून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

९ मिमी खोली एका दमात नको. ५ मिमीच्या बिटाला एका वेळी एक सूत, म्हणजे ३ मिमी, बस. उंची ३ वर ठेवून सगळ्या पट्ट्यांचे दोन्ही पास, मग ६, मग ९. फेन्सला हात लावायचा नाही, फक्त उंची वाढवायची. बारीक बिट जास्त खोल घातलं की लवतं, खाच तिरकी होते आणि शेवटी दांड्यापाशी तुटतं.

---

एकसूत

गुण्या यांनी दिशेचं नेमकं सांगितलं. मी पट्टी धरण्याबद्दल सांगतो, कारण २० मिमी जाडीची पट्टी कडेवर उभी करून नुसत्या हाताने चालवणं मला मान्य नाही.

तिला फेन्सशी दाबून धरायला फेदरबोर्ड हवा. सरळ रेषांच्या लाकडाची ७५ ते १०० मिमी रुंद फळी घ्या, टोक ३० अंशांत कापा, त्या टोकातून ५० ते ६० मिमी लांब चिरा पाडा, दोन चिरांमध्ये ६ मिमीची बोटं राहू द्या. बोटांच्या रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर पहिल्याच दाबाला मोडतील. बोटं डावीकडे झुकलेली ठेवून फळी टेबलाला दोन क्लॅम्पने बांधा. एकाच क्लॅम्पवर ती फिरते. दाब इतका की पट्टी पुढे सहज जावी आणि मागे ओढली तर अडावी. फेदरबोर्ड बिटाच्या अलीकडे, म्हणजे उजव्या बाजूला लावा. रुंद कट असेल आणि बोटं बिटासमोरच आली तर ती लाकूड बिटात दाबतात.

शेवटचे २०० मिमी पुश ब्लॉकने. तळाला टाचेसारखी खाच असलेला साधा लाकडी ठोकळाही चालतो.

बिट आणि फेन्स यांच्या फटीतून पट्टी कधीच घालू नका. पट्टी बारीक करायला काही जण फेन्स मागे घेऊन तिला मधून चालवतात. तिथे फेन्सकडच्या बाजूनेच कट होतो आणि पट्टी अडकायला जागा नसते, ती बाणासारखी सुटते. ३०० मिमीपेक्षा आखूड तुकडाही हाताने नको. लांब पट्टीवर काम करून मग तुकडे पाडा.

आडव्या पट्ट्यांच्या टोकाची, खाचेत बसणारी जीभ याच टेबलावर होते. १२ मिमी सरळ बिट, फेन्सबाहेर ९ मिमी दिसेल असं. उंची ७.२५, म्हणजे दोन्ही बाजूंनी कापून मधे ५.५ राहील. हीसुद्धा तीन पासात चढवत न्या. पट्टीचं टोक फक्त ५० मिमी रुंद, ते फेन्सवर डुलतं, म्हणून मागे काटकोनात कापलेला १५० मिमी रुंद प्लायचा तुकडा लावून दोन्ही एकत्र ढकला. त्यानेच मागच्या कडेच्या चिपाही उडत नाहीत. जीभ आधी टाकाऊ तुकड्यावर करून खाचेत घालून बघा. हाताने दाबल्यावर बसावी, हातोडा लागू नये.

---

तीनफेज

भिंतीवरचं बटण आणि लॉक केलेला ट्रिगर, ही तुमच्या मांडणीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. लाइट जाते, तुम्ही बटण बंद करायला विसरता, बिट बदलायला खाली हात घालता आणि लाइट येते. २२,००० च्या वेगाने.

नो-व्होल्ट कॉइल असलेला सिंगल फेज स्टार्टर लावा, पाण्याच्या पंपाला असतो त्या जातीचा. लाइट गेली की कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबेपर्यंत परत ओढली जात नाही. १६५० वॉट म्हणजे २३० व्होल्टला सव्वासात अँपियर, ओव्हरलोड रिले (जास्त करंट ओढला की बंद करणारी) ६ ते १० ची चालेल. दोन गोष्टी बघून घ्या. शेतीपंपाला लावतात तो ‘ऑटो’ त्यात नको, कारण त्याचं कामच लाइट आल्यावर मोटर आपोआप चालू करणं आहे. आणि कपॅसिटर असलेलं सबमर्सिबलचं पॅनेलही नको, राउटरची मोटर कार्बन ब्रशची असते. लाल बटण टेबलाच्या पुढच्या पट्टीवर गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असं बसवा. दोन्ही हात लाकडावर असतात तेव्हा भिंतीचा उपयोग नाही. सॉकेट १६ अँपियरचं, अर्थिंगसह.

स्टार्टर असला तरी बिट बदलताना प्लग काढून तो टेबलावर डोळ्यासमोर ठेवायचा.

८० मिमीच्या पॅनेल बिटाबद्दल: या मशीनवर नको. २२,००० ला ८० मिमी बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला ९२ मीटर होतो, तुमच्या १२ मिमी बिटाचा जेमतेम १४. कमाल आरपीएम बिटाच्या दांड्यावर किंवा पाकिटावर छापलेला असतो, तो वाचा. साधारणपणे २५ मिमीपर्यंत २२ ते २४ हजार, ५० पर्यंत १८, त्यापुढे १६ आणि ७५ च्या वरच्याला १० ते १२ हजार. पंख्याचा डिमर लावून वेग कमी करायला जाऊ नका, लोड आला की मोटर दम सोडते आणि तापते. उठावाची पॅनेल हवीच असतील तर वेग बदलता येणारं मशीन घ्या. नाहीतर उभ्या पद्धतीचं पॅनेल बिट मिळतं, व्यास ३८ मिमीच्या आसपास, त्यासाठी २०० मिमी उंच फेन्स करून पॅनेल उभं चालवायचं. पण उभ्या बिटालाही छापील कमाल वेग बघूनच.

---

कपाटवाला

७.७५ वर घेऊन टाकाऊ तुकड्यावर केलं. ओढ पूर्ण गेली, भिंत गुळगुळीत. स्टार्टरचं उद्याच बघतो.

अजून दोन शंका. ५ मिमी बिटाचा दांडा पाव इंची आहे आणि मशीनसोबत १२ मधून ६ करणारी बाही आली आहे. जरा जोर लावला तर दांडा आत जाईल असं वाटतं. आणि पट्टी प्लेटच्या कडेला किंचित अडखळते.

---

गुण्या

जोर लावू नका. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि बाही ६ ची. ठोकून घातलात तर बाही फाकते, बिट मध्यावर राहत नाही. उलटं, ६ चा दांडा ६.३५ च्या कोलेटमध्ये, तर त्याहून वाईट, कारण आवळल्यासारखा वाटतो आणि चालता चालता वर सरकतो. अर्धा इंच आणि १२ मिमीचंही तसंच, १२.७ आणि १२. आपल्याकडे दुकानात दोन्ही मापं एकाच डब्यात असतात आणि दोन्हीला ‘दोन सुताचं’, ‘चार सुताचं’ म्हणूनच देतात. व्हर्नियर घेऊन जा, दांडा मोजून घ्या. त्याच मापाची बाही घ्या किंवा ६ मिमी दांड्याचं बिट.

बसवताना दांडा तळाला टेकेपर्यंत घालायचा आणि २ ते ३ मिमी वर ओढून आवळायचं. कोलेट आवळताना बिटाला थोडं खाली ओढतं. आधीच टेकलेलं असेल तर पकड पुरी बसत नाही. किमान २० मिमी दांडा आत हवाच. सागाचं तेल आणि भुसा कोलेटच्या चिरांत साचतो, तो पितळी ब्रशने काढत जा.

प्लेटचं: खाली चार कोपऱ्यांना एम५ चे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) टाकून ती पातळीत आणा. स्टीलची पट्टी उभी धरून, प्लेट आणि टेबल यांच्या सांध्यावरून चारही बाजूंना फिरवा, कुठे नख अडतंय ते कळेल. पण त्याआधी टेबलच सरळ आहे का बघा. १८ मिमी प्लाय, त्याला खाली लोंबणारं पाच-सहा किलोचं मशीन आणि सनमाईका फक्त वर. पावसाळ्यात खालची बाजू ओल घेते, वरची घेत नाही, फळी वाकते. मग कितीही स्क्रू फिरवा, खाच टोकाला ९ आणि मधे ८.५ येणार. १८ चे दोन थर चिकटवा, सनमाईका दोन्ही अंगांना लावा, कापलेल्या कडांना सीलर मारा. प्लेट टेकते ती आतली कड १५ मिमी तरी ठेवा.

---

एकसूत

उलटं टांगल्यावर सगळा भुसा मोटरीत पडतो, हे विसरू नका. फेन्सच्या मागे खोकं करून व्हॅक्यूमचा पाइप लावा आणि दिवसाअखेर मोटरीला बाहेरून हवा मारा. तेवढ्याने ब्रशचं आयुष्य वाढतं. सागाची बारीक धूळ घशाला आणि कातडीला झोंबते, एन९५ मास्क, चष्मा आणि कानाला मफ. हातमोजे मात्र नकोत, बिटात धागा गुंतला तर हात सोबत जातो.

आणि प्लंज राउटर (मोटर स्प्रिंगवर वरखाली सरकते तो) असेल तर टेबलासाठी त्याची स्प्रिंग काढून ठेवा. उलटं टांगलं की स्प्रिंग मशीनला खाली ढकलते, मोटरीचं वजनही खालीच, त्यामुळे उंची वर चढवताना हात थरथरतो आणि अर्धा मिमी कधीच सापडत नाही. खाली गाडीचा कात्री जॅक ठेवला तर अलगद चढतं. उंची नेहमी खालून वर नेत मापावर थांबवा, पुढे गेली तर बरीच खाली आणून पुन्हा वर. मग प्लंजचा खटका आवळा. तो सैल राहिला तर दहाव्या पट्टीला खाच ८ मिमी येते आणि प्लाय बसत नाही तेव्हाच कळतं.

---

तीनफेज

जॅक ठेवलात तर तो काम चालू असतानाही खाली तसाच राहू द्या, फक्त खटका आवळायला विसरू नका. जॅकवरच भरवसा ठेवला तर कंपनाने तो हळूहळू उतरतो.