मदत हवी आहे: सगळ्याला 'चालेल' म्हणणाऱ्या व्यक्तीचं खरं मत कसं काढायचं?

घाईत_आहे
थेट विचारतो. ती कशालाही 'चालेल की' म्हणते. नंतर तिसऱ्याकडूनच कळतं की तिला ते अजिबात पटलं नव्हतं. विचारायला गेलं तर 'अरे नाही रे, तसं काही नाही' आणि हसून विषय बदलते. सगळ्यांशी गोड, सगळ्यांचे वाढदिवस पाठ, दोघांत वाजलं की मध्ये पडून मिटवणार. त्या चार अक्षरांच्या मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणीत ईएसएफजे हा प्रकार आला. हा प्रकार असाच असतो का? सोमवारच्या आत उत्तर हवंय. 'संवाद वाढवा' छाप सल्ले नकोत.

निवांत
ती म्हणजे कोण?

सुखी_संसारी
लग्नाला किती वर्षं झाली? आमच्याकडेही हेच होतं. मी निर्णय घेणंच बंद केलं, आता सगळं तीच ठरवते. दोघंही मजेत. चार दिवस कुठेतरी फिरून या, आपोआप बोलेल.

घाईत_आहे
बायको नाही हो! ऑफिसमधली सहकारी. दोघं मिळून एक टीम सांभाळतो. त्याने काय फरक पडतो?

निवांत
पडतो. तू तिच्या वरचा असशील तर 'हो' म्हणण्यामागे स्वभावच असेल असं नाही.

घाईत_आहे
बरोबरीचे आहोत. कामाचं नवं वेळापत्रक ठरवायचंय. माझा एक पर्याय, तिचा एक. तिने मीटिंगमध्ये माझ्या पर्यायाला हो म्हटलं आणि आता टीममध्ये कुजबुज आहे की ती नाराज आहे.

मूळ_संदर्भ
हे आधी सांगायला हवं होतं. असो. मानसशास्त्रज्ञ युंगने 1921 मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही सोळा प्रकारांची मांडणी केली. या मांडणीनुसार ईएसएफजे माणसाचं लक्ष आधी समोरच्यांकडे जातं: कोण नाराज, कोण एकटं पडलंय. मग आजवर काय चालत आलंय त्याकडे. 'मला स्वतःला हे तर्काने पटतंय का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे मीटिंगमध्ये ती खोटं बोलली असेलच असं नाही. सगळे खूश दिसत होते, त्यामुळे तीही खूश. स्वतःचं मत घरी गेल्यावर जागं झालं असेल.

शंकेखोर
झालं, आले सोळा खोके! काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा द्या, बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. त्यापेक्षा मानसशास्त्रातलं व्यक्तिमत्त्वाचं पाच घटकांचं मॉडेल बघा. त्यात माणसांत रमणं आणि जुळवून घेणं या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, आणि बहुतेक लोक दोन्हींवर मध्येच कुठेतरी असतात. शिवाय कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या पाच घटकांच्या चाचणीत जुळवून घेण्याच्याही सहा बाजू मोजतात. दुसऱ्याला मदत करणं ही एक, वादात माघार घेणं ही दुसरी. मदतीला धावणारा माणूस भांडायलाही तयार असू शकतो. आणि या पाचांतला चिंता-अस्वस्थतेचा घटक तुमच्या चार अक्षरांत नाहीच. ती जिव्हाळ्याने हो म्हणते की धास्तीने, हे ईएसएफजेवरून कळणारच नाही.

मूळ_संदर्भ
मी त्याने जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. आणि ही चार अक्षरं तुमच्या बाकीच्या चार घटकांशी बऱ्यापैकी जुळतात, हे कोस्टा-मॅक्रे यांनीच 1989 मध्ये दाखवलंय.

रिकामटेकडा
मला आयएनटीपी आलंय. कोणती नोकरी बघू?

निवांत
वेगळा धागा काढ. @घाईत_आहे, चाचणी तिने दिली ना?

घाईत_आहे
मी भरली तिच्या वतीने. रोज बघतोच की तिला.

शंकेखोर
धन्य आहे. म्हणजे ही चाचणी तुझ्या मनातल्या तिची झाली.

सगळ्यांची_ताई
मी तिच्यासारखीच, म्हणून बोलते. दहा जणांसमोर 'कुणाला हरकत?' विचारलंत तर आमचं उत्तर ठरलेलं. हरकत घेतली की तुमचा चेहरा पडणार आणि तो आम्हाला आधी दिसतो. एकटीला गाठा. 'तुला काय वाटतं' विचारू नका, 'यात कुणाकुणाची अडचण होईल' असं विचारा. दुसऱ्यांच्या नावाने ती स्वतःची अडचण सांगेल, तीही अगदी तपशिलात. तुमच्या पर्यायातलं तुम्हालाच काय खटकतंय ते आधी सांगा, म्हणजे तिला वाईटपणा घ्यावा लागत नाही. लगेच उत्तर मागू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि ती नाही म्हणाली तर त्या वेळी तोंड वाकडं करू नका. ते आम्ही वर्षानुवर्षं विसरत नाही.

सुखी_संसारी
पण नाही म्हणायला शिकायचं असेल तर रोज आरशासमोर उभं राहून मोठ्याने दहा वेळा 'नाही' म्हणावं. मला फार उपयोग झाला.

निवांत
तुम्हाला कुणी विचारलं?

घाईत_आहे
ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं विचारलं. 'कुणाचीच नाही रे, मस्त आहे' म्हणाली. आता?

सगळ्यांची_ताई
एकटी होती ना?

घाईत_आहे
टीमच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांना दिसलेलं बरं ना?

शंकेखोर
ताई, आता याचीच चाचणी कुणीतरी भरा.