डाव्या स्टिअरिंगची १९६४ची बीटल: उजवीकडे बदलून घ्यावी का?

भोरकर_६४

नमस्कार. माझ्या मामांनी सत्तरच्या दशकात मुंबईतील एका परदेशी कुटुंबाकडून घेतलेली १९६४ची फोक्सवॅगन बीटल आता माझ्याकडे आली आहे. आर.सी. चालू आहे, इंजिन उत्तम आहे, परंतु स्टिअरिंग डावीकडे आहे. एका गॅरेजवाल्यांनी ते उजवीकडे करून देण्याची तयारी दाखवली आहे. ताम्हिणीमार्गे माणगावला अधूनमधून जाण्याचा माझा विचार असून घरच्यांना ओव्हरटेकची धास्ती वाटते. अशी गाडी रस्त्यावर चालवणे कायदेशीर आहे का आणि बदल करून घेणे शहाणपणाचे ठरेल का, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनेलोखंड

आधी कायद्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १२०नुसार डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवण्यास सरसकट मनाई नाही. चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विद्युत इशारा-साधन गाडीवर असावे, एवढीच अट आहे. आपल्याकडे हाताचे इशारे उजव्या खिडकीतून द्यायचे असतात आणि डावीकडे बसलेल्या चालकाला ते शक्य नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे प्रयोजन कळते. आपल्या गाडीला लुकलुकणारे इंडिकेटर असतीलच. ते चालू ठेवा.

स्टिअरिंग बदलण्याच्या मात्र मी पूर्णपणे विरोधात आहे. बीटलमध्ये हे काम केवळ चाक आणि दांडा पलीकडे नेऊन भागत नाही. स्टिअरिंग बॉक्स पुढच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर एका बाजूला आवळलेला असतो, पेडल गाडीच्या तळाच्या मधोमध उंचावलेल्या बोगद्याच्या डाव्या अंगाला बसवलेली असतात, पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर त्यांच्याच पुढे असतो आणि पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये स्पीडोमीटरचे भोक चालकासमोरच पाडलेले असते. कारखान्याने उजव्या स्टिअरिंगच्या बीटल इंग्लंड-ऑस्ट्रेलियासाठी बनवल्या, त्या वेगळ्या पत्र्याच्या होत्या. आपल्या गाडीत तेच करायचे म्हणजे गॅसकटर चालवायचा आणि ज्या सांध्यांवर स्टिअरिंग व ब्रेक अवलंबून आहेत तेथे हातची वेल्डिंग करायची. शिवाय कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करण्यास आडवे येते. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. तीही चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाडीलाच.

त्या नोंदणीच्या मोहात मात्र लगेच पडू नका. तिचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे, पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. कोकणात जायचे असेल, तर नेहमीची नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवावी.

गोथेनबर्गवासी

मी मूळचा साताऱ्याचा. सध्या स्वीडनमध्ये राहतो. आपल्याला जी अडचण वाटते, ती या देशाने अनेक दशके अनुभवली आहे. येथे वाहतूक डावीकडून चालत असे, आणि तरीही व्होल्वोच्या पीव्ही ४४४सह बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडेच होते. चालक रस्त्याच्या कडेला बसत असल्यामुळे अरुंद दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरचे दिसत नसे, आणि नॉर्वे-फिनलंड हे शेजारी उजवीकडून चालत असल्याने सीमेवर वेगळाच गोंधळ उडे. १९५५च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदल नाकारला, तरी संसदेने १९६३मध्ये तो मंजूर केला. रविवार, ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता सगळा देश उजवीकडे गेला. ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरील वाहनांनी थांबायचे, सावकाश पलीकडे जायचे आणि ५ वाजता पुन्हा निघायचे, असा आदेश होता.

तेव्हा घरच्यांची काळजी खोटी नाही, हे आधी मान्य करावे. पण स्वीडनने रस्ता बदलला, गाड्या कापल्या नाहीत.

आंबाघाट

मी डाव्या स्टिअरिंगची जुनी गाडी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर बरीच वर्षे चालवली आहे. ओव्हरटेकची भीती सर्वांना वाटते, पण सुरुवातीचा खरा धोका निराळा असतो. उजवीकडे बसण्याची सवय असलेला चालक आपले शरीर रस्त्यावर नेहमीच्या जागी ठेवू पाहतो. त्यामुळे गाडीची उजवी बाजू नकळत मधल्या रेषेपलीकडे जाते आणि समोरच्या एसटीवाल्याला हॉर्न वाजवावा लागतो. यावर उपाय म्हणजे डावे चाक कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या जवळ राखण्याचा सराव मोकळ्या रस्त्यावर आधी करून घेणे.

ट्रकच्या मागे बसूच नका. चांगले अंतर ठेवा. रस्ता डावीकडे वळत असेल, तेव्हा आपल्या जागेवरून ट्रकच्या डाव्या अंगाने पुढचा रस्ता इतरांपेक्षा आधी दिसतो. तो पाहून ठेवावा आणि पुढे सरळ पट्टा लागल्यावर, समोर मोकळे असल्याची पुन्हा खात्री करूनच निघावे. उजव्या वळणावर आपण आंधळे असतो, म्हणून तेथे विचारच करू नये. शेजारी बसणाऱ्याने "थांब" म्हटले की थांबावे, पण त्याच्या "जा" या शब्दावर कधीही जाऊ नये. ताम्हिणीत तर मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. बीटलला घाई शोभतही नाही.

भोरकर_६४

सर्वांचे आभार. स्टिअरिंग आहे तेथेच राहील. उजव्या बाजूला आरसा नाही, तो बसवून घेतो. आणखी काही आवश्यक आहे का?

जुनेलोखंड

आरसा दाराच्या बिजागरीत बसणारा मिळतो, भोक पाडावे लागणार नाही. हेडलाइट मात्र विसरू नका. युरोपातील उजवीकडच्या वाहतुकीसाठी केलेल्या काचेचा डिपर उजव्या कडेला वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून तपासा आणि प्रकाशाची कड उजवीकडे चढताना दिसली, तर इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातील बीटलसाठीच्या काचा मागवा. आपल्या गाडीची वीज ६ व्होल्टची असेल, तेव्हा बल्बही त्याच व्होल्टचे घ्यावेत.